जिचा रिपोर्ट, तिची किल्ली

नागपूर, ९ जानेवारी २०२५

चि. मिनल,
सप्रेम जय भीम.

तू ओसाकाला गेल्यापासून आपले फोन होतात, पण तू जेवलीस का आणि मी जेवले का, यापुढे ते जात नाहीत. शिवाय इंदोऱ्याच्या आपल्या दोन खोल्यांत मी फोनवर बोललेलं सुनेला ऐकू जातं आणि शेजाऱ्यांनाही. दवाखान्यात येणाऱ्या बायकांच्या गोष्टी मी तशा बोलत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून यापुढे कामाचं काही असेल तर मी लिहीन. तूही लिहूनच उत्तर दे. रामदासपेठेत माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दुपारी जेवणानंतर थोडी शांतता असते, तेव्हा टाइप करत बसते.

पहिली बातमी चांगली आहे. उपकेंद्रांत तू बसवलेल्या त्या छोट्या संगणकाच्या पेट्या चालतात. हिंगण्याच्या पलीकडे, डोंगराकडच्या उपकेंद्रांत इंटरनेटची लाइन कधी असते, कधी नसते. पण आता सिकलसेलचा रिपोर्ट आपल्या दवाखान्यात तयार झाला की तिकडे प्रीती सिस्टरला तिच्या टॅबवर मिळतो. लाइन नसली तर शेजारच्या गावच्या पेटीत त्याची प्रत असते, तिथून येतो. रिपोर्टसाठी बायकांना कामाचा दिवस बुडवून नागपूरला यावं लागत नाही. तू हे सगळं बसवत होतीस तेव्हा मला वाटलं होतं, पोरगी डिग्रीसाठी काहीतरी करते आहे. आज मी सगळ्यांना सांगते की हे माझ्या भाचीचं काम आहे.

आता एक प्रश्न. तो माझा नाही, एका मुलीचा आहे. तिला आपण काजल म्हणू. खरं नाव मी लिहिणार नाही, आणि या पत्रांत पुढे जी माणसं येतील त्यांचीही नावं मी बदलीन. काजल एमआयडीसीत पॅकिंगला जाते. तिचा रिपोर्ट एएस आला, म्हणजे ती वाहक. मी नेहमीचं सांगितलं, की तू आजारी नाहीस, तुला काही होणार नाही. फक्त नवराही वाहक निघाला तर मुलांना आजार होण्याची भीती असते, आणि तो वाहक नसला तर ती भीती नाही. तिचं लग्न ठरत आलं आहे. मुलगा तिच्याच पसंतीचा. त्याला सांगायचं तिनं ठरवलं आहे, पण आपल्या वेळेनं आणि आपल्या तोंडानं. मला ते पटलं.

निघताना तिनं विचारलं, "ताई, माह्या रिपोर्टची कॉपी गावोगावच्या पेट्यांत पडून हाये म्हणता. मंग तो माहा एकटीचा काहून म्हणायचा?"

याचं उत्तर भाचीकडून आणते, असं मी तिला सांगितलं. तू दे. सोपं करून लिही, मला ते रक्त तपासणीच्या शिबिरात सगळ्यांना सांगायचं आहे.

तुझी,
सत्यवती आत्या

*

ओसाका, १४ जानेवारी

ती. आत्यास,
जय भीम.

आज संक्रांत. लॅबमध्ये सगळ्यांना मी तिळगुळाच्या वड्या दिल्या. माझ्या प्रोफेसरांनी आपली वडी दोन काड्यांच्या चिमटीत उचलून खाल्ली आणि कमरेत वाकून आभार मानले. इथे थंडी इतकी आहे की नागपूरचं ऊन आठवून मला हायसं वाटतं. मे महिन्यात असं म्हणणार नाही.

काजलचा प्रश्न फार चांगला आहे. आमच्या परिषदेतसुद्धा लोक हाच विचारतात.

नेहमीच्या इंटरनेटमध्ये एखादी वस्तू एका ठरलेल्या घरी असते. आपण त्या घराचा रस्ता धरतो आणि तो रस्ता सुरक्षित ठेवतो. आपल्या पेट्यांचं तसं नाही. इथे आपण घर विचारत नाही, फक्त वस्तूचं नाव पुकारतो. जवळच्या ज्या पेटीकडे तिची प्रत असेल ती पेटी देऊन टाकते. म्हणून तर लाइन नसतानाही काम चालतं. पण मग राखायला एक रस्ता उरत नाही. कोण कुठून प्रत घेईल, सांगता येत नाही. म्हणून आपण रस्त्याला पहारा न देता वस्तूलाच कुलूप घालतो. आम्ही त्याला एन्क्रिप्शन म्हणतो. रिपोर्टच्या अक्षरांचा असा गुंता करायचा की किल्ली असल्याशिवाय तो सुटूच नये. ही प्रत पेटीत असो, रस्त्यावर असो की चोराच्या हातात, किल्लीवाचून तिचा उपयोग नाही. आपली किल्ली दवाखान्यात आहे, तुझ्याकडे आहे आणि सिस्टरच्या टॅबमध्ये आहे. बाकी कोणाकडे नाही.

काजलला सांग, कॉपी कितीही असू देत, त्या सगळ्या कुलुपातच आहेत.

एप्रिलमध्ये या कामावर क्योटोच्या परिषदेत बोलायचं आहे. आपल्या डोंगराकडच्या उपकेंद्रांचे फोटो मोठ्या पडद्यावर दाखवणार आहे. प्रीती सिस्टरची परवानगी घेऊन ठेव.

तुझी,
मिनल

*

नागपूर, ३ फेब्रुवारी

चि. मिनल,

तू लिहून दिलेलं मी शिबिरात जसंच्या तसं सांगितलं होतं. बायकांनी माना डोलावल्या होत्या. काजल पुढेच बसली होती.

काल काजलच्या घरी मुलाकडचा निरोप आला, की लग्नाची बोलणी तूर्त थांबवू. कारण विचारलं तर म्हणाले, पोरीला सिकल आहे हे तुम्ही लपवलंत. काजलनं अजून मुलाला काही सांगितलं नव्हतं. घरातही फक्त आईला माहीत होतं, आणि आई बोललेली नाही. मला खात्री आहे.

आज शिबिर होतं. बातमी गावभर झाली होती, एकही बाई आली नाही. प्रीती सिस्टर टेबलावर सुया मांडून बसली होती आणि मी तिच्यासमोर. संध्याकाळी आम्ही ते सगळं पुन्हा डब्यात भरलं.

काजलचा रिपोर्ट ७ जानेवारीचा आहे. तुझं कुलूप कोणी फोडलं ते शोध.

सत्यवती

*

ओसाका, ४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
जय भीम.

तुझं पत्र वाचल्यापासून मी पेट्यांच्याच नोंदी तपासते आहे. दुसरं काही केलेलं नाही. कुलूप फुटलेलं नाही. हे मी मनाच्या समाधानासाठी लिहीत नाही. दोनदा पाहिलं, आणि इथल्या एका सहकाऱ्याकडूनही पाहून घेतलं. काजलचा रिपोर्ट तिच्या गावच्या उपकेंद्रात तीनदा मागवला गेला, तिन्ही वेळा सिस्टरच्या टॅबवरून. तो उघडला गेला तोही तिथेच, बरोबर किल्लीनं.

त्यामुळे मला एकच अर्थ दिसतो, आणि तो लिहिताना बरं वाटत नाही. सिस्टरनं कोणाला तरी सांगितलं असेल. मुद्दाम नाही. बोलण्याच्या ओघात. किंवा टॅब कोणाच्या तरी हातात दिला असेल. तू तिला विचारशील का?

मला काजलचं फार वाईट वाटतं आहे.

मिनल

*

नागपूर, ९ फेब्रुवारी

चि. मिनल,
सप्रेम जय भीम.

प्रीती सिस्टरवर बोट ठेवू नकोस. मी तिला विचारलं नाही आणि विचारणारही नाही. आठ गावांतल्या बायकांच्या पोटातलं तिला माहीत असतं. तिच्या तोंडून गेलं असतं तर यापूर्वीच कितीतरी घरं मोडली असती.

मी वेगळं केलं. बातमी जिथे पोचली तिथूनच मागे जावं म्हणून मुलाच्या घरी गेले. त्याला आपण ऋषी म्हणू. घरात त्याची मोठी आत्या आहे, यमुताई, तिच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. मी कोण ते सांगितल्यावर तिनं मला आत बसवलं, पाणी दिलं, आणि मी विचारायच्या आधीच बोलायला लागली. लपवण्यासारखं काही केलं असं तिला वाटतच नव्हतं.

ती बीपीच्या गोळ्या घ्यायला उपकेंद्रात गेली होती. सिस्टर तिच्या दंडाला पट्टा बांधत होती आणि टॅब टेबलावर सुरू होता. दुपारी येणाऱ्या बायकांचे रिपोर्ट सिस्टर आधीच मागवून ठेवते. टॅबवर काय मागवणं चालू आहे ते वर दिसतं ना? तिथे यमुताईनं वाचलं. रिपोर्ट नाही वाचला. रिपोर्टचं नाव वाचलं. 'सिकलसेल, वाहक, समुपदेशन', आणि पुढे गावाचं नाव आणि काजलचं पूर्ण नाव. मराठीत, ठळक अक्षरांत.

मिनल, तुला आठवतं का, ही नावं मराठीत आणि सरळ वाचता येतील अशी ठेव, असं मीच तुला सांगितलं होतं. सिस्टरला नंबर लक्षात राहत नाहीत, सापडायला सोपं पडेल म्हणून. तूही हो म्हणालीस. दोघींनाही ते चांगलंच वाटलं होतं.

मी यमुताईला म्हटलं, तुम्ही वाचलं ते ठीक, पण घरी येऊन सांगायला नको होतं. मग तिनं सांगितलं. तिचा मुलगा एसएस होता, म्हणजे वाहक नव्हे, आजारीच. लहानपणापासून सांधे धरायचे, रात्र रात्र रडायचा. नववीत असताना गेला. तेव्हा रिपोर्ट म्हणजे काय हेही त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"म्या पोरीवर खार खाऊन नाही सांगितलं बाई," ती म्हणाली. "माह्या भावाच्या घरात तसं लेकरू पुन्हा जन्मू नये, एवढंच मनात होतं."

मी रागानं गेले होते आणि तिच्या हातचा चहा पिऊन आले. वाहक म्हणजे आजारी नाही हेही तिला माहीत नव्हतं. ते सांगितलं. ऐकून घेतलं, पण पटलं की नाही कळलं नाही.

तुझं कुलूप शाबूत आहे, पण बातमी कुलपाबाहेरच लिहिलेली होती. आता काय करायचं ते सांग.

आत्या

*

ओसाका, ११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
जय भीम.

प्रीती सिस्टरला माझी माफी सांग. मी तिच्यावर संशय घेतला हे तिला कळलं नसेल तरी सांग, नाहीतर मला तिच्याशी पुन्हा नीट बोलता येणार नाही.

आमच्या विषयात ही अडचण सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या पेट्यांत वस्तू नावानं मागवायची, म्हणून नाव उघडं ठेवावं लागतं, नाहीतर पेटीला कळणार कसं की काय द्यायचं. त्यामुळे आतलं सगळं कुलुपात असलं तरी नाव बोलतं. कोणी काय मागितलं, एवढंसुद्धा बोलतं. मी हे वाचलेलं होतं, माझ्या प्रबंधात त्यावर एक परिच्छेदही आहे. पण नावं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त सिस्टर होती, तिच्या टेबलाशी बसलेलं दुसरं माणूस नव्हतं.

आता नावालाही कुलूप घालायचं. किल्लीपासूनच एक निरर्थक अक्षरांची ओळ तयार होईल, तेच रिपोर्टचं नाव. किल्ली असणाऱ्याच्या टॅबला ती ओळ बनवता येईल, बाकीच्यांना ती नुसती अक्षरं दिसतील. पेटीला त्याचा अर्थ कळायची गरज नाही, अक्षरं जुळली की ती वस्तू देईल. हे मी या महिन्यात लिहून पाठवते.

दुसरी गोष्ट जास्त कठीण आहे. जुन्या नावाच्या प्रती पेट्यांत पसरलेल्या आहेत. त्या इथून परत बोलावता येत नाहीत. ज्या पेटीची लाइन बंद आहे तिला माझा निरोपच पोचत नाही, आणि लाइन आली की ती शेजारणीला पुन्हा जुनी प्रत देते. एकच उपाय, कोणीतरी प्रत्येक पेटीपर्यंत जाऊन ती पुसून कोरी करायची. नागपूरच्या माझ्या कॉलेजच्या लॅबमधले शरच्चंद्र काका हे करू शकतील, मी त्यांना लिहिलं आहे. पण उपकेंद्रात त्यांना कोणी ओळखत नाही. तू बरोबर जाशील का?

तिसरं. किल्ली. तिचं काय करायचं ते मला अजून ठरवता येत नाही.

काजल कशी आहे?

मिनल

*

नागपूर, २ मार्च

चि. मिनल,
सप्रेम जय भीम.

पेट्या पुसून झाल्या. शरच्चंद्र आणि मी दवाखान्याच्या गाडीतून सगळीकडे फिरलो. तो फार कमी बोलतो, पण प्रत्येक पेटीचं झाकण उघडण्याआधी हात पुसतो. एका गावी पेटी कपाटामागे पडली होती आणि तिच्यावर पालीनं अंडी घातली होती. ती त्यानं कागदावर उचलून खिडकीत ठेवली, मग काम सुरू केलं. रस्त्यात पळस फुलले आहेत. गाडीतून बघत बसले की वाटायचं, आपण काही निस्तरायला नाही, फिरायलाच निघालो आहोत. परतताना एका ठिकाणी आम्ही तर्री-पोहे खाल्ले, ते तुझ्या आठवणीनं.

काजल मागच्या आठवड्यात माझ्याकडे आली. तिला मी झालं ते सगळं सांगितलं, तुझी चूक आणि माझीही. मला वाटलं होतं रडेल किंवा भांडेल. ती म्हणाली, तिच्या मनात एकच गोष्ट खुपते. ऋषीला सांगायचा तिचा दिवस दुसऱ्यानंच घेतला. ती त्याला कसं सांगणार होती, कुठे बसून सांगणार होती, ते सगळं तिनं ठरवलं होतं.

मग ती म्हणाली, "ताई, किल्ली तुमच्याजवळ, दवाखान्याजवळ, सिस्टरजवळ. ज्याच्या रक्ताचा रिपोर्ट त्याच्याजवळ काहून नाही? मले द्या. मी पाहून घेतो कोणाले दाखवायचं."

मी रोज खोलीत बसून बायकांना हेच सांगते, की शरीर तुझं आहे, निर्णय तुझा आहे. आणि त्यांच्या रिपोर्टची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. पोरीनं विचारेपर्यंत मला ते दिसलं नाही.

किल्ली तिच्या हातात देता येईल का? तिचा फोन घरात तिचा भाऊही वापरतो, हे लक्षात ठेव.

आत्या

*

ओसाका, ५ मार्च

ती. आत्यास,
जय भीम.

देता येईल. मी दोन दिवस हाच विचार करत होते.

किल्ली फोनमध्ये ठेवायचीच नाही, डोक्यात ठेवायची. शिबिरात टॅब प्रत्येकीला पाच शब्द देईल, एकमेकांशी काही संबंध नसलेले, साधे मराठी शब्द. तिनं ते पाठ करायचे. त्या शब्दांपासूनच किल्ली बनेल आणि रिपोर्टचं नावही. शब्द तिनं स्वतः निवडायचे नाहीत. माणूस निवडतो तेव्हा मुलाचं नाव, गावाचं नाव असंच निवडतो, आणि ओळखीच्याला ते ओळखू येतं. कोणत्याही टॅबवर शब्द टाकले की तिचा रिपोर्ट उघडेल, टॅब ठेवला की पुन्हा बंद. कुठे खूण राहणार नाही.

रक्ताची नळी लॅबमध्ये नुसत्या नंबरनं जाईल. तिथल्या लोकांना नाव दिसणार नाही, आणि निकाल निघाला की लगेच कुलुपात.

पण आत्या, याची दुसरी बाजू नीट समजून घे. एखादी शब्द विसरली तर तिचा रिपोर्ट गेला. दवाखाना उघडू शकणार नाही, मी उघडू शकणार नाही. पुन्हा रक्त द्यावं लागेल. आणि तूही बघू शकणार नाहीस. बाई तुझ्यासमोर येऊन बसेल आणि तिचा निकाल काय आहे ते तुला माहीत नसेल. ती दाखवेल तेव्हाच कळेल. इतकी वर्षं तू आधी रिपोर्ट वाचून, काय बोलायचं ते ठरवून दार उघडतेस. हे तुला चालेल का? तू नाही म्हणालीस तरी मी समजून घेईन. दुसरा मार्ग शोधू.

मिनल

*

नागपूर, ८ मार्च

चि. मिनल,

चालेल. पाठव.

आत्या

*

नागपूर, १३ एप्रिल

चि. मिनल,
सप्रेम जय भीम.

उद्याच्या जयंतीची तयारी चालू आहे, इंदोऱ्यात सगळीकडे निळ्या पताका लागल्या आहेत आणि ढोलाची तालीम सुरू आहे. अशा गोंगाटात मी पहिल्यांदाच घरी बसून लिहिते आहे, कारण कोणाला माझ्याकडे बघायला वेळ नाही.

नवी पद्धत सुरू होऊन तीन आठवडे झाले. पहिल्या शिबिराला काजल स्वतः आली. बायका अजून बिचकत होत्या. तिनं त्यांच्यासमोर पुन्हा रक्त दिलं, टॅबकडे तोंड करून आपले शब्द पाठ केले. मी पाठ फिरवली. सिस्टरनंही फिरवली. बायकांनी ते पाहिलं. आम्ही काय समजावलं त्यापेक्षा आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलो याचा जास्त उपयोग झाला असं मला वाटतं. त्या दिवशी सहा जणींनी रक्त दिलं.

रिपोर्ट आल्यावर काजलनं ऋषीला बोलावलं. हे तिनं मला नंतर सांगितलं आणि तुला लिहायची परवानगीही दिली. दोघांची शिफ्ट सुटते तेव्हा कंपनीच्या बस जिथे लागतात तिथे रसवंती आहे, तिथे ते बसले. ऋषी लग्न मोडायच्या विचाराचा कधीच नव्हता. पण घरच्यांसमोर त्याला बोलता येत नव्हतं, आणि काजलनं आधी सांगितलं नाही याचा त्याला थोडा राग होता. तिनं रागाचं उत्तर दिलं नाही. सिस्टरकडून मागून आणलेला टॅब त्याच्यासमोर ठेवला, शब्द टाकले आणि रिपोर्ट उघडून त्याच्या हातात दिला. वाच म्हणाली. त्यानं वाचला. मग तिनं विचारलं, "आता तुहा दाखव."

त्याच्याजवळ दाखवायला काही नव्हतं. त्यानं कधी तपासलंच नव्हतं. त्याचा आत्येभाऊ या आजारानं गेला, घरात सगळ्यांना भीती आहे, पण घरातल्या एकाही पुरुषानं सुई टोचून घेतलेली नाही. मुलगी तपासायची, एवढंच त्यांना ठाऊक.

ऋषीनं उरलेला रस एका घोटात संपवला, म्हणे. मग म्हणाला, "मले भेव वाटते गा." काजलला त्याचं 'गा' ऐकून हसू आलं. तो कारखान्यातल्या मित्रांशी बोलावं तसा तिच्याशी बोलला होता. ती म्हणाली, तिलाही वाटलं होतं, पण सुई बारीक असते.

पुढच्या शिबिरात तो आला. बायकांच्या रांगेत एकटाच पुरुष. त्यानं रक्त दिलं, शब्द पाठ केले. आम्ही पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

तुझ्या पेट्या आता मूग गिळून आहेत. टॅबवर वर जे दिसतं ते कोणाला वाचता येणार नाही. सिस्टर म्हणते, आता बीपी मोजताना टॅब उलटा ठेवायची गरज नाही. पण ती ठेवतेच.

आत्या

*

क्योटो, २२ एप्रिल

ती. आत्यास,
जय भीम.

आज माझं बोलणं झालं. तुला आधी सांगितलं नव्हतं, पण जानेवारीत छापायला दिलेल्या निबंधात एक वाक्य होतं, 'या रचनेत रुग्णाची गोपनीयता पूर्णपणे राखली जाते.' ते मी काढून टाकलं. प्रोफेसर म्हणाले, ते वाक्यच तर लोक लक्षात ठेवतात. मी त्यांना यमुताईची गोष्ट सांगितली, नावाशिवाय. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, मग हीच सांग.

म्हणून मी तीच सांगितली. कुलूप शाबूत असताना बातमी कशी बाहेर पडली, नावाला कुलूप कसं घातलं, पेट्या पुसायला दोन माणसांना गाडीतून का फिरावं लागलं. पालीच्या अंड्यांवर लोक हसले. शेवटी एका बाईंनी विचारलं, तुमच्याकडे समुपदेशकालाही रिपोर्ट दिसत नाही, हे त्यांनी मान्य कसं केलं? मी म्हटलं, तिचं उत्तर दोन शब्दांचं होतं.

आता मला राहवत नाही म्हणून विचारते. ऋषीचा रिपोर्ट काय आला?

मिनल

*

नागपूर, २० मे

चि. मिनल,
सप्रेम जय भीम.

उशिरा लिहिते आहे. ऊन असं आहे की दुपारी टॅबसुद्धा तापून बंद पडतो. कूलरसमोर बसून टाइप करते आहे.

परवा रविवारी काजल आणि ऋषीचं लग्न झालं. मंडपात वंदना झाली, दोघांनी पांढरे कपडे घातले होते, आणि ऋषीच्या शर्टाला सकाळीच हळदीचा डाग लागला होता तो शेवटपर्यंत गेला नाही. जेवणात पाटवड्यांचा रस्सा होता, फार झणझणीत. प्रीती सिस्टर नवी साडी नेसून आली होती.

त्याचा रिपोर्ट एप्रिलच्या शेवटी आला. तो कोणत्या दिवशी आला तेवढं टॅबनं मला सांगितलं, कारण तो आणखी काही सांगूच शकत नाही. संध्याकाळी दोघं माझ्याकडे आले. मी त्यांना खोली दिली आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसले. आतून काही आवाज येत नव्हता. इतक्या वर्षांत मी त्या बाकावर कधी बसले नव्हते. तिथून माझ्या दाराकडे बघणं कसं असतं ते त्या दिवशी कळलं.

दार उघडून काजल म्हणाली, "या ताई." मी आत गेले. दोघांनी मला बरेच प्रश्न विचारले. एक वाहक असला तर काय, दोघं असले तर काय, पोटात असताना तपासणी कधी होते, कुठे होते, मूल झाल्यावर काय बघायचं. मी सगळ्यांची उत्तरं दिली, दोन्ही बाजूंची. ते दोघं सारख्याच लक्षानं ऐकत होते. ऋषीनं काजलची ओढणी बोटाला गुंडाळली होती. मी त्यांच्या तोंडाकडे पाहून अंदाज बांधायला लागले, मग स्वतःलाच थांबवलं आणि बोलताना खिडकीकडे बघत राहिले. टॅब टेबलावर होता, बंद.

लग्नात यमुताई माझ्याजवळ येऊन बसली. ऋषीनं तिलाही काही सांगितलेलं नाही. काजल मात्र लग्नाआधी तिच्या घरी गेली होती, आपला रिपोर्ट स्वतः उघडून तिला दाखवला, आणि वाहक म्हणजे काय ते माझ्यापेक्षा चांगलं समजावून आली, असं यमुताईच म्हणाली. त्या पोरीनं यमुताईच्या गेलेल्या मुलाचा फोटो मागून घेतला आणि किती वेळ पाहत बसली, हे सांगताना तिचे डोळे भरून आले. पुढच्या शिबिराला ती आपल्या मुलीला आणि जावयालाही घेऊन येणार आहे. जावई कुरकुर करतो आहे. तो येईल, असं ती ज्या आवाजात म्हणाली त्यावरून तो येईल.

मग ती माझ्या कानाशी वाकली आणि हळूच विचारलं, "तुम्हाले तर माहीतच असल ना बाई, पोराचं काय निघालं?"

मी तिला खरं तेच सांगितलं, आणि तुलाही तेच सांगते. मला माहीत नाही.

तिनं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलत नाही हे तिला कळलं असावं. मान हलवून ती समोर बघायला लागली. तिकडे ऋषी काजलच्या ताटात पाटवडी वाढत होता आणि ती हातानं पुरे म्हणत होती.

तुझी,
सत्यवती आत्या